अकोल्याचं ऊन, रेडिचचं इंजिन

मे २०२४ मध्ये अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागलं. दंगल नव्हती, मोर्चा नव्हता, लोकसभेचं मतदानही महिनाभरापूर्वी उरकलं होतं. कारण होतं ऊन. पारा ४५ अंशांच्या वर ठाण मांडून बसला तेव्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंतचा आदेश काढला: कामाच्या ठिकाणी मजुरांना पिण्याचं पाणी आणि पंखे द्या, खासगी शिकवण्या सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळेत घेऊ नका. देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत अकोल्याचं नाव दिसणं वऱ्हाडात आता बातमी राहिलेली नाही, आणि अमरावतीही त्यापासून फार मागे नसते.

अशा दिवसांत जुनी मोटारसायकल गॅरेजवर येते तेव्हा बोलण्याची सुरुवात बहुधा ठरलेली असते. "भाऊ, गाडी लय तापून राह्यली." वीस-पंचवीस किलोमीटर धावली की ओढत नाही, टॅपेटचा आवाज वाढतो, गिअर जड पडतो, आणि चहाला थांबून पुन्हा किक मारावी तर सुरू व्हायला कुरकुर करते. मग कुणीतरी सुचवतं, ऑइल कूलर बसवून टाक. ॲल्युमिनियमचा हातभर लांबही नसलेला जाळीदार डबा, दोन होज, चार फिटिंग. एका दुपारचं काम. काम खरंच एका दुपारचं आहे. ते कुठल्या गाडीला, कशासाठी आणि कुठल्या वाटेने करायचं, हे ठरवायला मात्र दुपार पुरत नाही.

या दुरुस्तीची सर्वांत हक्काची गिऱ्हाईक म्हणजे बिडाच्या सिलिंडरची बुलेट. तिचं मूळ इंजिन इंग्लंडमधल्या रेडिच गावचं. रॉयल एनफिल्डने ते तिथे घडवलं आणि १९४९ मध्ये बाजारात आणलं. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि हेच इंजिन थोड्याफार फेरफारांनिशी पुढची पन्नासहून अधिक वर्षं भारतात बनत राहिलं. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी, ताकद १८ अश्वशक्ती. रेडिचमध्ये भर उन्हाळ्यातही पारा पंचविशीच्या आसपास रेंगाळतो. ज्याने सिलिंडरवरच्या फिन्सची लांबी-रुंदी आखली त्याच्या डोळ्यांसमोर मूर्तिजापूरची मे महिन्यातली दुपार असण्याचं कारण नव्हतं.

त्यात मूर्तिजापूर म्हणजे जुनी यंत्रं निवृत्त न करणाऱ्यांचं गाव. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन इथून शकुंतला रेल्वे ओढत होतं, आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं ते थेट १९९४ मध्ये. तेव्हा तीस वर्षांची बुलेट या भागात फार म्हातारी समजली जात नाही.

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचा हिशेब तसा सरळ आहे. पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकापर्यंत पोचते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली फिन्स आणि तेल यांच्यामार्फत हवेत सोडावी लागते. किती उष्णता सोडता येईल हे धातू आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. समजा फिन्स १८० अंशांवर आहेत. बाहेर २५ अंश असतील तर फरक १५५ चा, ४५ असतील तर १३५ चा. म्हणजे उष्णता सोडण्याची क्षमता सुमारे तेरा टक्क्यांनी घटली. तेवढीच उष्णता बाहेर टाकायची तर फिन्सना २०० वर चढावं लागतं. त्यात बीड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या तुलनेत जेमतेम तिसऱ्या हिश्शाने उष्णता वाहून नेतं. हेड ॲल्युमिनियमचं, सिलिंडर बिडाचा. पिस्टनभोवतीची उष्णता बाहेर यायला वेळ लागतो आणि अति झालं की पिस्टन चिकटतो.

या साखळीत तेल फक्त वंगण नसतं. पिस्टनच्या पोटाखालून, रॉकरमधून, बेअरिंगमधून ते उष्णता उचलतं आणि क्रँककेसच्या भिंतींना देतं. जुन्या बुलेटमध्ये तेलाची टाकी क्रँककेसमध्येच ओतलेली आहे, त्यात जेमतेम सव्वादोन लिटर तेल. क्रँकच्या टोकावरच्या वर्मने चालणारे दोन छोटे पंप, एक तेल पुढे ढकलणारा, दुसरा खाली गळलेलं उचलून परत टाकीत आणणारा. आणि या इंजिनाच्या बिग एंडला रोलर बेअरिंग नाही, तरंगता बुश आहे. बुश आणि क्रँक पिन एकमेकांना टेकू न देणारी एकच गोष्ट, तेलाचा पातळ थर. २०डब्ल्यू-५० तेलाचा दाटपणा १०० अंशांना साधारण १८ सेंटिस्टोक असतो, १३० ला तो जवळपास निम्म्यावर येतो. शिवाय दर दहा अंशांमागे तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो असं वंगणशास्त्रातलं ढोबळ गणित आहे. मालक तीन हजार किलोमीटरवर तेल बदलतो आणि ते काळं-पातळ निघालं की ब्रँडला शिव्या घालतो. दोष पुष्कळदा तेलाचा नसतो, त्याला सोसाव्या लागलेल्या तापमानाचा असतो.

तेल बाहेर काढून वाऱ्यात फिरवून आणायची कल्पना जुनीच आहे. १९६८ मध्ये ट्रायम्फ ट्रायडेंट आणि बीएसए रॉकेट थ्री या तीन सिलिंडरच्या इंग्लिश गाड्या आल्या त्या कारखान्यातूनच ऑइल कूलर लेवून, कारण मधल्या सिलिंडरला पुरेसा वारा मिळत नसे. भारतात २००७ मध्ये बजाजने पल्सरच्या २०० आणि २२० वर तो दिला, २००९ मध्ये हिरो होंडाने करिझ्मा झेडएमआरवर, आणि २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डने ४११ सीसीच्या हिमालयनवर. झेडएमआर किंवा पल्सर २२० चा कूलर काढून जुन्या करिझ्मावर वा बुलेटवर चढवण्याची हौस तेव्हापासूनची. सुटा भाग सहज मिळतो, आकार आटोपशीर असतो.

आरएक्स १०० आणि जुन्या येझदीवाल्यांना यातून सुट्टी. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाचं तेल पेट्रोलबरोबर जळून जातं. फिरून परत येणारं तेलच नाही, तर थंड काय करणार? तरीही 'आपल्या आरएक्सला कूलर बसल का?' हा प्रश्न विचारणारे आहेत, आणि शोभेसाठी रिकामा कूलर लटकवून देणारेही असतील.

ऑइल कूलर काय करू शकत नाही, हे वऱ्हाडातल्या माणसाला घरातल्या कूलरवरून चटकन समजावं. घरचा कूलर वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी सोडतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते आणि कोरड्या हवेत खोली बाहेरच्यापेक्षा चांगली दहा-बारा अंशांनी उतरते. गाडीवरचा कूलर असं काही करत नाही. बाहेर ४५ अंश असतील तर तेल ४५ च्या खाली कधीच जाणार नाही. आणि इथे एक उलटा न्याय आहे. फिन्सच्या हिशेबात तेरा टक्क्यांची घट होती. तेलाचं तापमान ११० धरलं तर २५ अंशांच्या हवेत फरक ८५ चा आणि ४५ च्या हवेत ६५ चा, म्हणजे कूलरची क्षमता जवळपास चौथाईने कमी. ज्या दिवशी त्याची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी तो सर्वांत कमी कामाचा.

तापलेल्या सिलिंडरवर बाटलीतलं पाणी ओतून घरच्या कूलरचं तत्त्व वापरणारेही रस्त्यात दिसतात. बिडाला असा अचानक गारठा सोसत नाही. फिन तडकू शकते, सिलिंडर वेडावाकडा होऊ शकतो.

म्हणून चांगला मिस्त्री कूलरचं नाव निघालं की आधी दुसरीकडे बघतो. पॉइंटचा गॅप आणि इग्निशनचं टाइमिंग. ठिणगी उशिरा पडत असेल तर जाळ सायलेन्सरच्या तोंडापर्यंत रेंगाळतो आणि हेड तापतं. कार्ब्युरेटर कोरडा चालतोय का? सायलेन्सर बदलून मोकळा आवाजाचा लावला आणि जेट जुनाच ठेवला, की मिश्रणात हवा जास्त आणि उष्णताही जास्त. मागचं ब्रेक शू ड्रमला घासतंय का, चेन आवळलीय का. आणि फिन्सच्या फटी. हा वऱ्हाडचा खास रोग आहे. पावसाळ्यात पांदण रस्त्याने शेतात जाऊन आलेल्या गाडीच्या फिन्समध्ये काळ्या मातीचा चिखल भरतो, वाळून विटेसारखा घट्ट होतो आणि दिवाळीपर्यंत कुणी तो काढत नाही. त्या मातीवर तेलाची गळती बसली की झालंच. लाकडी काडी आणि डिझेल घेऊन तासभर फटी साफ केल्या तर अर्ध्या गाड्यांना कूलर लागणार नाही, असं म्हणायला हरकत नाही.

हे सगळं करूनही गाडी तापत असेल आणि मालक रोज लांबचा फेरा मारणारा असेल, तर काम हाती घ्यावं.

पहिला प्रश्न तेल काढायचं कुठून. बिडाच्या बुलेटनंतर आलेल्या यूसीई इंजिनात तेलाचं फिल्टर एका झाकणाखाली बसतं, तिथे अडॅप्टर लावून तेल बाहेर नेता येतं. ज्या इंजिनाला कंपनीने कूलर दिलेलाच नाही, त्याच्या ओतकामात तशी भोकं नसतात. मग लेथवाल्याकडून तुकडा करून घ्यावा लागतो. बिडाच्या बुलेटवर तेलाच्या बहुतेक वाटा क्रँककेसच्या आतून जातात. बाहेर सहज हाताशी येते ती हेडकडे चढणारी रॉकरची बारीक नळी. बहुतेक जुगाड तिथेच होतात आणि बहुतेक इंजिनं तिथेच मार खातात.

त्या नळीत कूलर ओळीने जोडला तर सगळं तेल आधी कूलरच्या चपट्या नळ्यांतून रांगतं आणि मग हेड गाठतं. कचरा अडकला की रॉकर कोरडे. 'टी' टाकून एक फाटा कूलरमधून परत टाकीत सोडला, तर तेल सोपी वाट धरतं आणि रॉकरला उरतं ते कमी दाबाचं. दुसऱ्या पद्धतीत परतीच्या फाट्यावर बारीक भोकाचा जेट बसवून तेल अडवावं लागतं. भोक किती मोठं हे गाडी चालवून, रॉकरचं झाकण उघडून, तेल पोचतंय का ते बघत ठरवायचं. हे काम घाईचं नाही.

कूलर मोठा घेतला की थंडावा जास्त, हा आणखी एक समज. पंप जेवढं तेल देईल त्यापलीकडे कूलर काही करू शकत नाही. मिनिटाला एक लिटर तेल कूलरमधून गेलं आणि २० अंशांनी उतरलं, तर सुमारे ५७० वॉट उष्णता बाहेर पडते, वाईट नाही. पण रॉकरच्या नळीतून त्याच्या चौथाईच तेल वाहत असेल तर फायदाही चौथाईच, मग समोर कूलर सहा ओळींचा असो की सोळा. ज्यांना खरोखर फरक हवा ते आधी जास्त क्षमतेचा पंप बसवतात आणि मग कूलरचा विचार करतात.

जागा कुठली? बुलेटच्या फ्रेमची पुढची एकेरी नळी हे नेहमीचं ठिकाण. तिथे दोन मोजमापं घ्यायची. पुढचं चाक खड्ड्यात आपटून शॉकॲब्सॉर्बर पूर्ण दबला तर मडगार्ड कूलरला लागतं का. आणि कूलर हेडच्या वाऱ्याच्या वाटेत आडवा येतो का. दुसऱ्या चुकीचं मोठं उदाहरण फोक्सवॅगन बीटलचं. त्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आतच उभा होता. त्याने अडवलेल्या आणि तापवलेल्या वाऱ्यावर तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरला भागवावं लागे, आणि तोच आधी जाई. फोक्सवॅगनने १९७१ च्या मॉडेलला कूलर बाहेर वेगळ्या कप्प्यात हलवला. एवढ्या मोठ्या कंपनीला एका डब्याची जागा बदलायला इतकी वर्षं लागली, तर चौकातल्या गॅरेजमध्ये थोडं थांबून विचार करायला हरकत नसावी.

कूलर फ्रेमला थेट आवळायचा नाही. एका सिलिंडरची बुलेट थरथरतेच. रबरी बुशशिवाय बसवलेल्या कूलरचे ॲल्युमिनियमचे कान काही महिन्यांत तडकतात. होजची तोंडं वर किंवा बाजूला ठेवायची, म्हणजे आत हवेचा बुडबुडा अडकून राहत नाही.

खर्चात काटकसर होते ती नेमकी होजमध्ये, आणि ती करू नये अशी जागाही तीच. पेट्रोलची साधी पाइप किंवा पारदर्शक प्लास्टिकची नळी १०० अंशांच्या तेलाने मऊ पडते, फुगते, क्लॅम्पखालून निसटते. तेल आणि उष्णता दोन्ही सोसणारा रबरी होज घ्यावा, त्याहून बरा स्टीलच्या जाळीचं वेष्टण असलेला, दाबून बसवलेल्या फिटिंगचा. होज सायलेन्सरच्या बेंडपासून लांब ठेवायचा, आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तो कुठे ताणला जात नाही हे बघायचं. बँजो बोल्टखाली तांब्याचं नवं वायसर. आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळायची नळकारागिराची सवय इथे घातक आहे. टेपचा एक धागा तेलात गेला की तो सरळ बारीक भोकात जाऊन बसतो. गळतीचं तेल कुठे जातं याचाही विचार हवा. वाऱ्याबरोबर ते मागच्या टायरवर येतं.

जोडणी झाली की लगेच किक मारायची नाही. कूलर आणि होज आधी तेलाने भरून घ्यायचे, नाहीतर सुरुवातीचे सेकंद पंप रिकाम्या नळ्या भरण्यात घालवतो आणि रॉकर कोरडे फिरतात. मग इंजिन मंद चालवून रॉकरजवळचा बँजो अर्धा आटा ढिला करायचा. तेल झिरपलं की वाट मोकळी आहे. वाढलेल्या नळ्यांत शे-दोनशे मिली तेल जास्त मावतं, तेवढं भरायचं. इथे बुलेटची एक जुनी खोड लक्षात ठेवावी लागते. गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपून खाली क्रँककेसमध्ये जमतं, आणि काडी लावून पाहिलं तर तेल कमी दिसतं. त्या भरवशावर वरून भरलं तर इंजिन श्वासनळीतून तेल बाहेर फेकतं. पाच मिनिटं चालवून मगच तेल मोजायचं.

फायदा झाला की नाही? हात लावून कळत नाही. ११० आणि ९५ अंशांतला फरक बोटाला सारखाच चटका देतो. तेलाच्या झाकणाच्या जागी बसणारं तापमापक मिळतं. तेच रस्ते, तोच वेग, तीच वेळ, आणि कूलर लावण्याआधीचा एक आकडा. हा आधीचा आकडा घेतलेला मालक विरळा.

रस्ता निवडायला अमरावती-अकोला महामार्गासारखी जागा नाही. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची एक मार्गिका सलग डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला होता. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, २५ किलोमीटरच्या थोडा वरचा. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी असल्याने बुलेटवाल्यांचा सगळा भर या बडनेरा-मूर्तिजापूर-बोरगाव मंजू वाटेवरच. ताशी साठने धावताना कूलरवर सेकंदाला सुमारे १७ मीटर वेगाने वारा येतो आणि तो आपलं काम मन लावून करतो. अकोला गाठेपर्यंत तेल त्याच्या सोसवेल अशा पट्ट्यात राहू शकतं.

अमरावतीच्या इर्विन चौकातल्या सिग्नलवर मात्र तोच कूलर निव्वळ लोंबता डबा आहे. वारा नाही, इंजिन मंद फिरतंय, पंपही मंद. गाडी शहरातच फिरवणाऱ्याने पैसे वाचवावेत आणि सिग्नल लांब असेल तर इंजिन बंद करावं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्याचं दुखणं महामार्ग आणि शहर यांच्या मधलं. दुसऱ्या गिअरवर गाडी रेटत नेताना इंजिन भरपूर उष्णता बनवतं आणि वेग कमी म्हणून वारा थोडा. कूलर मदत करतो, पण महामार्गावर करतो तेवढी नाही. घाटात त्यापेक्षा उपयोगी पडतं ते मागे बसणाऱ्याने आपलं सामान कमी आणणं.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर आहे आणि डिसेंबर-जानेवारीत तिथली पहाट चांगलीच बोचते. तिथे कूलरचा उलटा त्रास सुरू होतो. तेल नव्वद-शंभर अंशांच्या आसपास पोचलंच नाही तर आत जमलेली पाण्याची वाफ उडून जात नाही. तेलात पाणी मिसळून झाकणाखाली पिवळट साय धरते आणि आम्लं धातूला खातात. कंपन्या यासाठी थर्मोस्टॅट देतात, जो साधारण ८० ते ८५ अंशांनंतरच तेलाला कूलरची वाट उघडून देतो. बाजारातल्या स्वस्त संचांत तो नसतो. अशा गाडीवर नोव्हेंबरपासून कूलरसमोर पत्र्याची पट्टी बांधून ठेवायची आणि होळीच्या आधी ती न विसरता सोडायची. त्याच वेळी फिटिंग पुन्हा एकदा पान्याने तपासायची, आणि कूलरच्या जाळीत अडकलेले किडे नि माती कमी दाबाच्या पाण्याने मागच्या बाजूने धुवून काढायची. सर्व्हिसिंग सेंटरवरचा जोराचा फवारा त्या पातळ जाळीवर मारू द्यायचा नाही, ती क्षणात आडवी पडते.